टाकीवरच्या खडूच्या रेघा

मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, मदत अधिकारी मिसेस क्विग्ली आमच्या घरी आल्या. तीन वाजून पाच मिनिटांनी त्या गेल्या. घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण नीतू, अशा तिघी होतो. मी पंधरा वर्षांची होते, नीतू सात. बाबांची कनाटा शहरातल्या टेलिफोन कंपनीतली नोकरी जाऊन वर्ष झालं होतं आणि बेकारीचा विमा जानेवारीत संपला होता. घर तापवणाऱ्या फर्नेसच्या तेलासाठी आणि किराण्यासाठी बाबांनी टाउनशिपकडे अर्ज केला होता. मंजुरीआधी अधिकाऱ्यानं अर्जदाराचं घर स्वतः पाहावं, असा नियम होता.

घर भाड्याचं होतं. कनाटापासून पश्चिमेला गाडीनं पाऊण तासावर, खडीच्या रस्त्याकडेला, लाल विटांचं, दुमजली. ज्यांनी ते बांधलं ती माणसं आयर्लंडमधून आली होती आणि आसपासच्या टपालपेट्यांवर अजून त्यांचीच आडनावं होती. हिवाळा लागला की आम्ही आधी वरचा मजला बंद करायचो, मग पुढची खोली, आणि नोव्हेंबर संपेपर्यंत ते एवढं मोठं घर आकसून स्वयंपाकघर आणि त्याच्या शेजारची खोली एवढंच उरायचं. मधल्या दारांना ब्लँकेटं टांगलेली असायची. खिडक्यांना आतून पातळ प्लॅस्टिक ताणून लावलं होतं. वारा सुटला की ते फुगायचं आणि परत आत बसायचं, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. त्यातून बाहेरचं बर्फ नीट दिसत नसे. काठ नसलेला एक पांढरा उजेड दिसे आणि त्यात कधी एखादा काळा ठिपका सरकत जाई. टपालाची गाडी की कावळा, हे तो नाहीसा होईपर्यंत कळायचं नाही. शाळेतून आल्यावर मी त्या उजेडात बसून राहायचे. तो सगळा हिवाळा मला तसाच आठवतो, दुधात बुडवून ठेवल्यासारखा. तारखा मात्र स्पष्ट आठवतात, कारण त्या मी लिहून ठेवत होते.

लिहीत होते ते तेलाच्या टाकीवर. टाकी बेसमेंटमध्ये होती आणि तिच्यावरचा काटा आम्ही राहायला येण्याआधीच बिघडलेला होता. तेल कुठवर आहे हे ओळखायची बाबांची पद्धत होती. बोटाच्या पेरानं टाकीवर वरून खाली टकटक करत यायचं. रिकाम्या भागातून घुमणारा आवाज येतो आणि जिथे तेल सुरू होतं तिथे तो एकदम मुका होतो. तिथे मी खडूनं आडवी रेघ ओढायचे आणि शेजारी तारीख घालायचे. दर रविवारी एक रेघ. बाबा नोकरी शोधायला नॉर्थ यॉर्कला गेल्यावर टकटकही मीच करू लागले. रेघा खाली खाली येत गेल्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, जवळजवळ सारख्या अंतरानं. थर्मोस्टॅट तेरावर ठेवलेला असायचा. फर्नेस सुरू होताना आधी ‘टक्’ असं वाजायचं, मग जमिनीखालून घरघर यायची, मग भिंतीतल्या पत्र्याच्या नळ्या तापून टिकटिकू लागायच्या. त्या आवाजांच्या आधारानं आम्ही झोपायचो आणि उठायचो. आता मी मिल्टनला राहते. इथल्या घराचं हीटिंग निःशब्द आहे. तरी पहाटे मला जाग येते ती त्या ‘टक्’ची वाट पाहतच. याला माझ्या सांगण्यापलीकडे पुरावा नाही.

स्वयंपाकघरात सहा डबे होते, पुण्याहून आणलेले, स्टीलचे, मोठ्यापासून लहानापर्यंत ओट्यावर ओळीनं मांडलेले. तांदूळ, कणीक, मक्याचं पीठ, वाटाण्याची डाळ, रवा, साखर. रवा म्हणजे इथल्या लोकांचं न्याहारीचं गव्हाचं सीरियल. तुरीच्या डाळीऐवजी गावच्या दुकानात मिळणारी पिवळ्या वाटाण्याची डाळ होती. हिंग घातला की फरक कळत नाही, असं आई म्हणायची. फरक कळायचा. ज्वारी नव्हती म्हणून ती मक्याच्या पिठात मूठभर कणीक मिसळून भाकरी थापायची, आणि ती तव्यावर पडली की साऱ्या घराला उन्हात वाळत घातलेल्या कणसांचा वास यायचा. बाहेर उणे वीस असलं तरी यायचा. फेब्रुवारीत डबे वाजू लागले. भरलेला डबा सरकवला तर ओट्यावर नुसता घासतो, रिकामा असला तर वाजतो. आई ते सरकवेनाशी झाली. दोन्ही हातांनी उचलून, आवाज न करता, परत जागेवर ठेवायची. दुपारी मी अभ्यास करत असले की मला आईची पाठ दिसायची आणि काहीच ऐकू यायचं नाही.

अर्ज बाबांनी भरला होता, इंजिनिअरच्या सरळ, उभट अक्षरांत. निघताना दारात मफलर गुंडाळत ते आईला म्हणाले, “त्या बाई येतील तेव्हा आहे ते दाखव. लाजायचं नाही.”

“लाजतंय कोण?” आई म्हणाली.

शुक्रवारी कचेरीतून फोन आला. मी घेतला. भेट मंगळवारी दोन वाजता ठरली. आईला इंग्रजी कळायचं, पण बोलताना ती अडायची, म्हणून मी शाळेतून लवकर यायचं ठरलं.

“मग काय काय करायचं?” आईनं विचारलं.

“काही नाही करायचं. त्यांना घर बघायचंय.”

“बाई पहिल्यांदा घरी येणार आणि काही नाही करायचं?”

त्या संध्याकाळी तिनं कनाटाला मालतीमावशीला फोन केला. मालतीमावशी आमची सख्खी मावशी नव्हती. दिवाळीला आणि हळदीकुंकवाला भेटणाऱ्या चार-पाच मराठी घरांपैकी ती एक. “आमच्याकडे पाहुणे यायचेत,” आई तिला म्हणाली. कोण पाहुणे, ते सांगितलं नाही. रविवारी मावशी सोनेरी काठाच्या सहा बश्या, सहा कप आणि बेदाण्यांचं एक पाकीट देऊन गेली. बेदाणे तिनं आपणहून आणले होते. तिला आमची परिस्थिती माहीत होती की नव्हती, हे मला नंतर कधीच पक्कं कळलं नाही.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला आईनं पुढच्या खोलीच्या दारावरचं ब्लँकेट काढलं, सोफ्यावर लग्नातली चादर घातली आणि थर्मोस्टॅट एकवीसवर नेला. त्या दिवशी मी आणि नीतू शाळेत गेलोच नाही.

“आई, एकवीस?”

“मग पाहुण्यांना काय कोट घालून बसवू?”

“त्या पाहुण्या नाहीत. आपल्याकडे काही नाहीये, हे बघायला येतायत त्या.”

“म्हणून मी काय करू? फाटकी साडी नेसून बसू? नीतूला रडायला शिकवू? मला नाटकं येत नाहीत, शुभे.”

“आणि मावशीच्या बश्या? ते नाटक नाही?”

आई रवा भाजत होती. तिनं उलथनं थांबवलं नाही. “बश्या मावशीच्या आहेत,” ती म्हणाली, “शिरा माझा आहे.”

त्या शिऱ्यात घरातलं उरलेलं सगळं तूप गेलं, आणि साखरेचा डबा तिनं उपडा करून बुडावर दोनदा थाप मारली.

ती सकाळ मला स्वप्नातल्यासारखी आठवते. इतक्या आठवड्यांनी घर पूर्ण तापलं होतं. नळ्या एकामागून एक टिकटिकत होत्या, जणू बंद खोल्या एकेक करून जाग्या होत होत्या. खिडक्यांच्या कोपऱ्यांतला बर्फ वितळून थेंब प्लॅस्टिकच्या आतून सावकाश खाली उतरत होते आणि त्यांच्यामागचा पांढरा उजेड हलत होता. नीतूनं स्वेटर काढला, मग दुसरा स्वेटर काढला आणि पुढच्या खोलीतल्या गालिच्यावर उन्हात मांजर पडतं तशी आडवी झाली. मीही तिच्याशेजारी पडले. तुपाचा आणि वेलदोड्याचा वास होता. भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला, आणि मला वाटलं, आपल्याकडे काहीच कमी नाही, कधी नव्हतंच. त्या विचाराला मी किती वेळ धरून होते ते सांगता येणार नाही. मग मी खाली जाऊन टाकीवर टकटक केली आणि त्या दिवसाची रेघ ओढली. तो रविवार नव्हता, तरी ओढली. ती टाकीच्या तळापासून चार बोटं वर होती.

मिसेस क्विग्ली साठीच्या आसपासच्या होत्या. टाउनशिपच्या कचेरीत कुत्र्यांचे परवाने त्याच द्यायच्या, दफनभूमीची नोंदवही त्याच ठेवायच्या आणि मदतीच्या अर्जांची चौकशीही त्याच करायच्या. त्यांनी दारात बूट काढले. आत राखाडी लोकरी मोजे होते, एका टाचेला निळ्या दोऱ्यानं रफू केलेलं. आईनं हिरवी नारायणपेठी नेसली होती. मिसेस क्विग्लींना सोफ्यावर बसवून तिनं बशीत शिऱ्याची मूद ठेवली, वर बेदाणे, आणि त्या निम्म्यावर आल्या की आणखी वाढला.

“टेक मोअर. यू एट नथिंग.”

“इज इट समबडीज बर्थडे?” नीतूनं विचारलं.

“नीतू, तोंड बंद कर आणि खा,” आई हसतमुखानं मराठीत म्हणाली.

“काय म्हणाल्या?” मिसेस क्विग्लींनी मला विचारलं. त्यांचं सगळं बोलणं इंग्रजीत होतं. इथलं मराठी माझं.

“सावकाश खा म्हणाली.”

मग त्यांनी फोल्डर मांडीवर घेतलं. कार्बन लावलेला फॉर्म होता. खोल्या किती, गाडी आहे का, घरात कोणी आजारी आहे का. मी विचारायचे आणि आई माझ्याकडे न बघता थेट त्यांना उत्तर द्यायची. सगळं ठीक आहे. काही त्रास नाही. “घरात पुरेसं खायला आहे का?” या प्रश्नाला तर तिनं मला तोंडच उघडू दिलं नाही. “यस, यस. प्लेंटी,” ती म्हणाली. दारात आलेल्या माणसासमोर घरात अमुक नाही असं म्हणायचं नाही, हे तिला कोणी शिकवलं होतं असं नाही. तिला दुसरं येतच नव्हतं.

मी समोर बसले होते. मिसेस क्विग्लींचं अक्षर मोठं होतं आणि मी ते उलट्या बाजूनं वाचलं. घर उबदार. अन्न भरपूर. पुढे वर्तमानपत्रात पस्तीस वर्षं मला हे कसब रोज उपयोगी पडलं. टेबलापलीकडचा कागद वाचता येतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. गुरुवारी टाउनशिपच्या मदत मंजूर करणाऱ्या समितीची बैठक होती. समितीपुढे तो फॉर्म जाणार होता, बाबांचा अर्ज नाही, आई नाही, मी नाही. आणि खाली चार बोटं तेल होतं.

बशी संपली. ठेवण्यापूर्वी मिसेस क्विग्लींनी ती सहज उलटी केली. मागच्या बाजूला लाल नेलपॉलिशनं ‘मा’ काढलेला होता. मालतीमावशीची खूण. चार-पाच घरांची भांडी एका पंगतीला जमली की कोणाचं काय ते कळावं म्हणून आमच्या सगळ्या बायका अशी खूण करायच्या.

“आम्हीही करतो हे,” त्या म्हणाल्या. “चर्चच्या जेवणांना. मी चिकटपट्टी लावते.” त्यांनी बशी सुलट करून टेबलावर ठेवली आणि पेनला टोपण घातलं. कोणाची बशी, असं त्यांनी विचारलं नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं, म्हणून इथे देऊ शकते. त्यांचे पणजोबा आयर्लंडच्या एका खेड्यात हेच काम करायचे. तिथे गरिबांना मदत द्यायची व्यवस्था गावागावांच्या गटानं चालायची. गटाचं एक मंडळ असायचं, शेतकरी, दुकानदार, जमीनदाराचा कारभारी अशांचं. एक मोठी दगडी इमारत असायची. ज्याचं सगळं संपलं त्यानं तिथे आत जाऊन राहायचं, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. ज्यांना घरी राहूनच मदत हवी असेल त्यांच्याकडे अधिकारी चालत जायचा. पाव एकराहून जास्त जमीन असली तर आधी ती सोडावी लागायची. मिळायचं काय, तर बहुतेक वेळा मक्याचं पीठ. अधिकारी घर बघून पुस्तकात लिहायचा आणि आठवड्यातून एकदा ते पुस्तक मंडळासमोर मोठ्यानं वाचायचा. शेवटच्या रकान्यात मंडळ हुकूम लिहायचं.

“ते पुस्तक माझ्याकडे आहे,” मिसेस क्विग्ली म्हणाल्या. “त्यात एक विधवा आहे, तीन मुलांची. पणजोबांनी लिहिलंय, चूल पेटलेली, भांडं चढवलेलं, निराधार नाही. मंडळानं अर्ज फेटाळला. जळण शेजाऱ्यांचं होतं, मिसेस निमकर. साहेब येणार म्हणून तिनं मागून आणलं होतं. थंड चुलीपुढे माणसाला कसं बसवायचं? भांड्यात नुसतं पाणी होतं. तीन आठवड्यांनी पुन्हा तिचं नाव आहे. एक शवपेटी, लहान.”

मी आईसाठी शेवटचं वाक्य मराठीत सांगायला लागले. आईनं हात वर करून मला थांबवलं. तिला कळलं होतं.

“त्यानंतर त्यांनी प्रत्येक घरात भांड्यावरचं झाकण उचललं,” मिसेस क्विग्ली म्हणाल्या. “तसं पुस्तकात लिहिलंय, प्रत्येक नोंदीत. मला ती घराण्याची सवय लागलीय. तुमचं स्वयंपाकघर बघितलं तर चालेल?”

“किचन नॉट क्लीन,” आई म्हणाली.

“माझंही नाही.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या. आई दारातच थांबली. मिसेस क्विग्लींनी सहा झाकणं डावीकडून उजवीकडे उचलली आणि प्रत्येक परत नीट बसवलं. तांदूळ दोन मुठी. कणीक बुडाला. मक्याचं पीठ, एका भाकरीचं. डाळीच्या डब्यात त्यांना आपला चेहरा दिसला असावा, कारण त्या तिथे जरा जास्त वेळ वाकून राहिल्या. रवा आणि साखरेच्या डब्यांत काहीच नव्हतं. प्रत्येक झाकणाचा आवाज वेगळा होता, लहान होत गेलेल्या घंटांसारखा, आणि ते सहा आवाज त्या तापलेल्या, गोड वासाच्या घरात बराच वेळ राहिले. आईनं पदर खांद्यावर नीट केला. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, मराठीत, मला, “खाली पण नेतेस का त्यांना?”

मी त्यांना बेसमेंटमध्ये नेलं. दिवा लावला. त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या.

“या रेघा कोणी काढल्या?”

“मी.”

“दर रविवारच्या?”

“हो.”

त्यांनी शेवटच्या दोन रेघांवर बोट ठेवलं. “या दोन दिवसांत एका आठवड्याचं तेल गेलंय.”

“ते आजचं आहे,” मी म्हणाले. “तुमच्यासाठी. तुम्ही कोट घालून बसू नये म्हणून.”

त्यांनी टाकीवर पेरानं एकदाच टकटक केली. टाकी घुमली. आम्ही दोघी आवाज विरेपर्यंत उभ्या होतो.

वर येऊन त्यांनी फॉर्मवर आधीच्या दोन वाक्यांच्या जागी चार ओळी लिहिल्या. या वेळी मी वाचायचा प्रयत्न केला नाही. दारात त्या बूट चढवत असताना आईनं त्यांचा कोट धरला.

“कम अगेन,” ती म्हणाली.

“यावंच लागेल. दर महिन्याला. पण पुढच्या वेळी फक्त चहा.”

“ओन्ली टी,” आई म्हणाली. “अँड लिटल शिरा.”

त्या हसल्या. गाडी निघाली, काळा ठिपका झाली आणि प्लॅस्टिकमागच्या उजेडात विरली. आईनं थर्मोस्टॅट तेरावर आणला, दारावर ब्लँकेट परत टांगलं आणि मावशीच्या बश्या कोमट पाण्यात एकेक करून धुतल्या. नीतू गालिच्यावर झोपली होती. ऊब जाईपर्यंत आम्ही तिला उठवलं नाही.

गुरुवारी समितीनं अर्ज मंजूर केला. शुक्रवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तेलाचा ट्रक आला. टाउनशिपनं दिलेल्या किराण्याच्या चिठ्ठीवर आईनं सगळ्यांत आधी साखर घेतली. मिसेस क्विग्ली एप्रिलमध्ये आणि मे महिन्यात आल्या आणि दोन्ही वेळा शिरा खाऊन गेल्या. मे संपता संपता बाबांना नॉर्थ यॉर्कला नोकरी लागली आणि जूनमध्ये आम्ही ते घर सोडलं.

बाबा वारल्यावर त्यांच्या कागदांत त्या फॉर्मची कार्बन प्रत सापडली. ‘घर उबदार. अन्न भरपूर.’ यावर काट मारली आहे, पण शब्द वाचता येतात. खाली लिहिलं आहे: ‘घर भेटीपुरतं तापवलेलं. वाढलेलं अन्न घरातलं शेवटचं. सहाही झाकणं उचलली. तेल ताबडतोब द्यावं.’

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी गाडी घेऊन तिकडे गेले. मिसेस क्विग्ली वारून बरीच वर्षं झाली आहेत. पणजोबांचं पुस्तक त्यांच्या भाचीनं गावच्या छोट्या संग्रहालयाला दिलं आहे. ते तपकिरी कातड्यात बांधलेलं आहे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हातानं लिहिलेलं आहे, शेवटचा रकाना तेवढा निराळ्या हातांचा. संग्रहालयातल्या बाईंनी मला खिडकीजवळ टेबल दिलं. मी दोन दिवस बसले. विधवेची नोंद आहे. ‘चूल पेटलेली, भांडं चढवलेलं, निराधार नाही’ हे शब्द आहेत. समोर मंडळाचा नकार आहे. तीन आठवड्यांनंतरची लहान शवपेटीची नोंद आहे. त्यापुढे पुस्तक आणखी अडीच वर्षं चालू राहतं. ती सगळी पानं मी दोनदा वाचली. भांड्यावरचं झाकण उचलल्याची एकही नोंद त्यात नाही.